लसीकरण मोहीम : आकडे, विवेक आणि न फिटलेले देणे

एखाद्या चाळिशीतील धर्मग्रामस्थाचे हृदयविकाराने आकस्मिक निधन झाले की, अंत्यविधीनंतर दफनभूमीबाहेर थांबलेल्या घोळक्यात हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते : "लसीमुळेच झाले असणार." बोलणाऱ्याजवळ पुरावा नसतो, ऐकणाऱ्याला वाद घालण्याची इच्छा नसते आणि दुःखी कुटुंबाच्या मनात मात्र एक काटा कायमचा रुतून बसतो. करोना महामारीतील राष्ट्रीय लसीकरण मोहिमेला आता काही वर्षे लोटली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचेही जाहीर केले. तरीही त्या मोहिमेचा निवाडा आपल्या समाजात अद्याप झालेला नाही. एका बाजूला विजयोत्सवाची भाषा आहे, तर दुसऱ्या बाजूला ही कुजबुज. ही मोहीम प्रत्यक्षात कशी झाली, तिच्यात कोण मागे राहिले आणि ख्रिस्तसभेने श्रद्धावंतांना नेमके काय सांगितले होते, याची शांतपणे उजळणी करण्याची वेळ आली आहे, असे आम्हांला वाटते.

प्रथम श्रेय द्यायचे ते देऊ. १६ जानेवारी २०२१ रोजी मोहिमेला आरंभ झाला, तेव्हा डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयांतील सफाई कामगार यांना पहिला मान मिळाला. १ मार्चपासून साठ वर्षांवरील सर्वांना व पंचेचाळीस वर्षांवरील व्याधिग्रस्तांना, १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरील सर्वांना आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी शंभर कोटी आणि १७ जुलै २०२२ रोजी दोनशे कोटी मात्रांचा टप्पा गाठला गेला. पुढे ही संख्या दोनशे वीस कोटींपर्यंत पोहोचली. पोलिओच्या लढ्यात शीतसाखळीचा व घरोघर पोहोचण्याचा दांडगा अनुभव आपल्या आरोग्य यंत्रणेने कमावला होता. परंतु ते काम बालकांचे होते. प्रौढांना एवढ्या प्रमाणावर लस टोचण्याची वेळ या देशावर पूर्वी कधी आली नव्हती. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ साली 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' या नियतकालिकात मांडलेल्या अंदाजानुसार लसीकरणाच्या पहिल्या वर्षात एकट्या भारतात सुमारे बेचाळीस लाख मृत्यू टळले. हा गणिती प्रतिकृतीवर आधारलेला अंदाज आहे, मोजदाद नव्हे. तथापि त्यातील निम्माच आकडा खरा धरला, तरी आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आज रविवारच्या मिस्सेला आपल्या शेजारी बसलेले आहेत, ते या लसीमुळे, हे मान्य करावे लागेल.

हे मान्य करून मग १ मे ते २० जून २०२१ या सात आठवड्यांकडे वळावे लागते. दुसरी लाट शिगेला पोहोचली होती. प्राणवायूच्या सिलिंडरसाठी माणसे रात्र रात्र रांगेत उभी होती. वसई-विरार परिसराने २३ एप्रिलला विरारमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत पंधरा रुग्ण गमावले होते. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत देशभरात शंभराहून अधिक कॅथलिक धर्मगुरू मृत्युमुखी पडले. झाबुआचे बिशप बेसिल भुरिया यांचे ६ मे रोजी निधन झाले. अशा घडीला केंद्र सरकारने लसखरेदीचे नवे धोरण अमलात आणले. उत्पादनातील निम्मा वाटा केंद्राचा, उरलेला निम्मा राज्ये व खासगी रुग्णालये यांच्यात समान वाटलेला. पंचेचाळीसच्या वरील लोकांसाठी केंद्र मोफत लस देणार, अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे मात्र राज्यांनी पाहावे किंवा ज्याने त्याने पैसे मोजावेत!

याचा अर्थ काय झाला? जी कोविशील्ड केंद्राला दीडशे रुपयांत मिळत होती, तीच राज्यांना तीनशे रुपयांना (आधी जाहीर झालेला दर चारशे होता) आणि खासगी रुग्णालयांना सहाशे रुपयांना. कोव्हॅक्सिनचा दर राज्यांना चारशे, खासगी रुग्णालयांना बाराशे. एकच कुपी, एकच कारखाना, पण किमती तीन. महाराष्ट्र सरकारने आपल्या तरुणांना मोफत लस देण्याचे २८ एप्रिल रोजी जाहीर केले खरे, परंतु साठाच नसल्यामुळे १२ मेच्या सुमारास या वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. मुंबई महानगरपालिकेने एक कोटी मात्रांसाठी जागतिक निविदा काढली. आलेल्या प्रस्तावांपैकी एकही पात्र ठरला नाही. साता समुद्रापलीकडील बलाढ्य कंपन्यांशी एका शहराने घासाघीस करावी, हा प्रकार मुळातच केविलवाणा होता. त्याच महिन्यात देशातील खासगी क्षेत्राने मिळवलेल्या मात्रांपैकी सुमारे निम्म्या मात्रा नऊ मोठ्या रुग्णालय-समूहांच्या हाती गेल्या. गावोगावच्या लहान सेवाभावी रुग्णालयांना, ज्यांत धर्मभगिनींनी चालवलेली अनेक आली, हातावर हात ठेवून बसावे लागले.

नोंदणीचा दरवाजाही अरुंद होता. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला आरंभी कोविन संकेतस्थळावर आगाऊ वेळ घेतल्याखेरीज लस मिळत नव्हती. वेळा खुल्या होत आणि काही क्षणांत संपत. ज्याच्याजवळ वेगवान इंटरनेट आणि चपळ बोटे, त्याची सरशी. महानगरांतील तरुण मोटारीने ग्रामीण केंद्रांवर जाऊन लस घेऊ लागले आणि त्याच केंद्राच्या ओट्यावर बसलेले गावकरी रिकाम्या हातांनी घरी परतू लागले. शहरी तरुणांना आम्ही दोष देत नाही. भीती सर्वांनाच होती. परंतु ज्या व्यवस्थेत आदिवासी पाड्यावरील केंद्राची लस त्या पाड्यावरच्या माणसाला सर्वांत शेवटी मिळते, ती व्यवस्था गरिबांना अग्रक्रम देणाऱ्या आपल्या सामाजिक शिकवणुकीच्या नेमकी उलट आहे. ओळखपत्र नसलेल्या भटक्या, निराधार, तुरुंगवासी माणसांसाठी वेगळी कार्यपद्धती आखण्याचे सरकारला सुचले, तेही मोहीम सुरू होऊन तीन महिने उलटून गेल्यावर.

या धोरणाचा कान सर्वोच्च न्यायालयाने धरला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, एल. नागेश्वर राव आणि रवींद्र भट यांच्या खंडपीठाने ३१ मेच्या आदेशात अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला पैसे भरायला लावणे हे प्रथमदर्शनी मनमानी व अतार्किक असल्याचे नमूद केले. अर्थसंकल्पात लसीसाठी ठेवलेल्या ३५,००० कोटी रुपयांचा हिशेब मागितला आणि डिजिटल दरीमुळे कोण वंचित राहणार, हेही विचारले. ७ जून रोजी पंतप्रधानांनी धोरण मागे घेतल्याची घोषणा केली. २१ जूनपासून पंचाहत्तर टक्के लस केंद्र घेऊन राज्यांना मोफत देऊ लागले, खासगी दरांना मर्यादा घातली गेली आणि केंद्रावर जाऊन थेट नोंदणी करण्याची सोय सर्वांना झाली. सात आठवडे हा काळ कागदावर अल्प दिसतो. दुसऱ्या लाटेत त्या सात आठवड्यांत काय काय हरपले, ते आपल्या धर्मग्रामांच्या मृत्युनोंदवह्या सांगतील. (पुढे १७ सप्टेंबरला एकाच दिवशी अडीच कोटी मात्रा दिल्या गेल्या, तेव्हा यंत्रणेची क्षमता किती आहे हेही दिसले. मग वाण होती ती क्षमतेची की वेळेवर केलेल्या मागणीची, हा प्रश्न आमच्या मनातून अजून गेलेला नाही.)

याच टंचाईच्या वातावरणात भामट्यांचे फावले. ३० मे रोजी कांदिवलीतील एका निवासी संकुलात ३९० जणांना पैसे घेऊन बनावट लस टोचली गेली. अशा शिबिरांत एकट्या मुंबईत २,०५३ लोक फसवले गेल्याचे राज्य सरकारने उच्च न्यायालयास सांगितले. सुशिक्षित माणसे फसली, ती अज्ञानामुळे नव्हे, तर सरळ मार्ग बंद दिसल्यामुळे.

आता विवेकाच्या प्रश्नाकडे येऊ. हा प्रश्न खास आपला आहे आणि त्याविषयी आपल्या मंडळींत जेवढा गोंधळ झाला, तेवढा अन्य कशाविषयीही झाला नसेल. 'लसीत गर्भपात केलेल्या बालकांच्या पेशी आहेत, कॅथलिक माणसाने ती घेणे पाप आहे' असे संदेश भ्रमणध्वनीवरून घरोघर फिरत होते. वस्तुस्थिती अशी : कोविशील्डच्या निर्मितीत 'एचईके-२९३' नावाच्या पेशीवंशाचा वापर होतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी नेदरलँड्समध्ये गर्भपात झालेल्या एका भ्रूणाच्या मूत्रपिंडपेशींपासून हा वंश तयार करण्यात आला. मूळ पेशी केव्हाच संपल्या. उरली ती प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली त्यांची वंशावळ. त्या पेशींत लसीचा विषाणू वाढवून मग तो वेगळा काढून शुद्ध केला जातो. कोव्हॅक्सिनची गोष्ट वेगळी. ती माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या 'व्हेरो' पेशींवर वाढवलेल्या व नंतर निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस आहे.

तेव्हा प्रश्न खोटा नव्हता, उत्तर मात्र घाईने दिले जात होते. भारतात पहिली मात्रा दिली जाण्याच्या जवळजवळ महिनाभर आधीच, २१ डिसेंबर २०२० रोजी, व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने परमगुरू पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेने एक टिपण प्रसिद्ध केले होते. त्याचा आशय थोडक्यात असा, की नैतिकदृष्ट्या निर्दोष लस उपलब्ध नसेल तेव्हा अशा पेशीवंशांचा वापर करून बनवलेली लस घेणे स्वीकारार्ह आहे. कारण लस घेणाऱ्याचा त्या मूळ दुष्कृत्याशी असलेला संबंध अतिशय दूरचा आहे, त्यात त्याची संमती नाही आणि समोर उभे असलेले संकट गंभीर आहे. मात्र याचा अर्थ गर्भपातजन्य पेशीवंशांच्या वापराला मान्यता दिली, असा घेऊ नये. औषध कंपन्या व सरकारे यांनी निर्दोष लसी बनवाव्यात, असा आग्रह त्याच टिपणात आहे.

या शिकवणुकीचा पूर्वार्ध आपण सोयीने ऐकला आणि उत्तरार्ध विसरलो. निर्दोष पर्यायाची मागणी करण्याचे कर्तव्य श्रद्धावंतांवर आहे, हे किती व्यासपीठांवरून सांगितले गेले? ज्याच्या मनाला कोविशील्ड डाचत होती, त्याने कोव्हॅक्सिन मागणे यात हटवाद नव्हता, विवेकाची जागरूकता होती. परंतु देशात दिल्या गेलेल्या दर पाच मात्रांपैकी जवळजवळ चार कोविशील्डच्या होत्या. सामान्य माणसाला निवड करायला वावच नव्हता. अशा माणसाला पापाची भीती घालणाऱ्यांनी त्याच्या खांद्यावर जे ओझे लादले, ते ख्रिस्तसभेने कधीही लादलेले नव्हते. स्वतः पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये लस घेतली आणि त्यानंतर रोममधील बेघरांना व्हॅटिकनमध्ये बोलावून ती देण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी लस घेणे ही प्रेमाची कृती असल्याचा संदेश दिला.

याच टिपणातील आणखी एक वाक्य आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित राहिले. लस घेणे हे सामान्यतः नैतिक बंधन नाही, ते ऐच्छिक असले पाहिजे. मात्र जो विवेकाच्या कारणाने लस नाकारतो, त्याने आपल्यापासून इतरांना, विशेषतः दुर्बलांना संसर्ग होऊ नये यासाठी सर्व ती काळजी घ्यावी, असे त्यात म्हटले होते. आपल्याकडे काय घडले? १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या उपनगरी गाडीत प्रवेश मिळाला तो दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच. आता हिशेब करून पाहा. कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर १३ मे रोजी बारा ते सोळा आठवड्यांवर नेले होते. मे-जूनच्या टंचाईत ज्याला लस मिळाली नाही आणि १ जुलैला पहिली मात्रा लाभली, तो ७ ऑक्टोबरच्या आत गाडीत पाय ठेवू शकत नव्हता. टंचाई सरकारची, अंतराचा नियम सरकारचा, शिक्षा मात्र भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटे मुंबई गाठणाऱ्या वसईच्या बाईला आणि नालासोपाऱ्याहून कारखान्यात जाणाऱ्या रोजंदारी मजुराला. मोटार असलेल्या माणसाकडे महामार्गावर कोणी प्रमाणपत्र मागत नव्हते!

फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे निर्बंध घालताना कायद्यातील कार्यपद्धती पाळली गेली नव्हती, असे सरकारला सुनावले. तरी अट प्रत्यक्षात सुटली ती एप्रिलच्या आरंभी इतर निर्बंधांबरोबरच. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती राव व न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या निकालात सांगितले, की शारीरिक स्वायत्तता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असून कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. केंद्राचे लसीकरण धोरण मात्र अवाजवी नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतात, पण ते प्रमाणशीर असले पाहिजेत. व्हॅटिकनच्या टिपणाचा आणि या निकालाचा रोख एकाच दिशेने जातो, ही गोष्ट आम्हांला लक्षणीय वाटते.

सक्तीपेक्षा विश्वास अधिक टिकतो, हे या शहराने शंभर वर्षांपूर्वीही अनुभवले होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा घरे तपासण्यासाठी शिपाई शिरू लागले आणि माणसे रुग्ण लपवू लागली. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली, तेव्हा कोठे लोक पुढे येऊ लागले. वांद्र्याच्या व गिरगावच्या गल्ल्यांतून त्या साथीत उभारलेले क्रूस आजही आहेत. आपल्या पूर्वजांनी तेथे प्रार्थना केली. हाफकिन यांच्या नावाची संस्था परळला उभी आहे.

२०२१ मध्ये हा विश्वास मिळवण्याचे काम कोणी केले? पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवर 'लस घेतल्यावर माणूस मरतो', 'मूल होत नाही' अशा अफवा पसरल्या होत्या. तेथे जाहिरातफलक उपयोगाचे नव्हते. वारली, कोकणा भाषा बोलणारी, त्याच गावची आशा सेविका दाराशी उभी राहून समजूत घालत होती. तिचे मानधन इतके तुटपुंजे होते, की जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे सत्तर हजार आशांना संपावर जावे लागले. दोनशे वीस कोटींचा आकडा उच्चारताना या स्त्रियांचे नाव क्वचितच घेतले जाते. आपल्या धर्मग्रामांतही लघु ख्रिस्ती समूहांतील तरुणांनी वृद्धांची नोंदणी करून दिली, त्यांना केंद्रावर नेले-आणले. ते काम लहान होते, पण नेमके होते.

शेवटी त्या कुजबुजीविषयी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अठरा ते पंचेचाळीस वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला, की लसीमुळे अशा मृत्यूचा धोका वाढल्याचे आढळले नाही, उलट लस घेतलेल्यांत तो कमी दिसला. करोनामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबात आकस्मिक मृत्यूचा इतिहास असणे, अतिमद्यपान, ही कारणे मात्र ठळकपणे पुढे आली. म्हणजे प्रत्येक शवपेटीकडे पाहून लसीचे नाव घेणे अन्यायाचे आहे. परंतु लसीने कोणालाच काही झाले नाही, असे म्हणणेही असत्य आहे. कोविशील्डसारख्या लसीमुळे अत्यंत विरळा रक्तात गुठळ्या होण्याचा विकार जडतो, हे २०२१ सालीच ठाऊक झाले होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात आपल्या राष्ट्रीय समितीने दहा लाख मात्रांमागे ०.६१ असे रक्तस्राव वा गुठळ्यांच्या संभाव्य प्रकरणांचे प्रमाण दिले होते. प्रमाण नगण्य आहे. पण ज्या घरातील विशीतली मुलगी गेली, त्या घरासाठी ते शंभर टक्के असते.

अशाच दोन तरुणींच्या पालकांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रावर सांगितले, की लस ऐच्छिक होती, तिच्या दुष्परिणामांची माहिती उपलब्ध होती, सबब भरपाईची जबाबदारी सरकारवर येत नाही. पीडितांनी दिवाणी न्यायालयात दाद मागावी. ज्या काळात लसीवाचून गाडीचे तिकीट मिळत नव्हते, त्याच काळाविषयीचे हे विधान आहे. ब्रिटनमध्ये १९७९ पासून लसीमुळे गंभीर अपंगत्व आलेल्यांना, दोष कोणाचा हे सिद्ध करण्याची अट न घालता, ठरावीक रक्कम देणारा कायदा आहे. करोनाची लसही त्यात डिसेंबर २०२० मध्येच, म्हणजे मोहीम सुरू होतानाच, समाविष्ट झाली. आम्ही आमच्या तरुणांना सांगितले होते, की शेजाऱ्यावरील प्रेमापोटी लस घ्या. त्यांच्यापैकी ज्या एखाद्याला त्याची किंमत मोजावी लागली, ती त्याने आपणा सर्वांच्या वतीने मोजली. त्याच्या विधवेने किंवा वृद्ध पित्याने मोखाड्याहून येऊन, वकील लावून, बलाढ्य कंपनीविरुद्ध वैद्यकीय पुरावा उभा करावा, ही अपेक्षा ज्यांनी प्रतिज्ञापत्रात लिहिली, त्यांनी दिवाणी न्यायालयातील एका दाव्याला किती वर्षे लागतात, हेही त्यात लिहायला हवे होते.